पहाटेचा खोकला, बालदमा असेल का?

प्रश्न: मुलगा ४ वर्षांचा, दिवसा ठणठणीत पण पहाटे खोकून खोकून उठून बसतो, छातीत शिट्टीसारखं वाजतं, ताप वगैरे काही नाही. दमा म्हणायचा का?

– शक्यता आहे, त्यात पळाल्या-हसल्यावर धाप लागत असेल, घरात कुणाला अ‍ॅलर्जी असेल तर जास्तच. ५ वर्षांखाली नळीत जोरात फुंकायची श्वासाची टेस्ट धड जमत नाही, म्हणून डॉक्टर लक्षणं आणि औषधाने फरक पडतो का ते बघून ठरवतात.

– आमच्याकडे साधी सर्दी झाली की सुरू! शिवाय मच्छर कॉइल, धूप. कॉइल बंद केली, उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुतो, बराच फरक आहे. केळं-दही उगाच बंद करू नका हो.

– इन्हेलरची सवयबिवय लागत नाही, स्पेसर (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) लावून द्या. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बोलता येत नसेल तर थेट हॉस्पिटल, सकाळची वाट नको.