नवरातिलोव्हा म्हणजे काय?

प्रश्न : मार्टिना नवरातिलोव्हाच्या आडनावात मला कायम 'नवरात्र' ऐकू येतं. २००३ साली लिअँडर पेसबरोबर तिने विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकली, तेव्हा आमच्याकडे तिला सर्रास 'नवरात्रीबाई' म्हणत. आडनावाचा खरा अर्थ काय? रशियन आहे का?

प्रतिसाद : रशियन नाही, चेक. नवरात्राशी संबंध नाही, नवऱ्याशी तर नाहीच. मूळ आडनाव 'नव्रातिल', म्हणजे चक्क 'परतला'. कोणे एके काळी कुणी लढाईवरून किंवा परमुलखातून गावी परत आला असेल आणि लोकांनी तेच त्याचं नाव करून टाकलं असेल. मोराव्हियात, म्हणजे चेक देशाच्या पूर्व भागात, हे आडनाव विशेष आढळतं.

चेक लोकांना अशी भूतकाळी आडनावं फार. पोस्पिशिल म्हणजे 'घाई केली', विस्कोचिल म्हणजे 'उडी मारून बाहेर आला', दोलेझाल म्हणजे 'लोळत पडला'. आज्ञार्थीही आहेत : नेयेझख्लेबा, 'भाकरी खाऊ नकोस'! आपल्याकडे गोडबोले आहेत, पण त्यांना निदान कौतुक तरी मिळालं. दोलेझालच्या पणजोबांचा आळस मात्र पिढ्यान्‌पिढ्या सरकारदप्तरी राहिला.

शब्दाचा धातू आपल्याला परका नाही. स्लाव्ह भाषांतलं 'व्रात्' आणि संस्कृत 'वृत्' (वर्तते, आवर्तन) एकाच मुळाचे, अर्थ वळणे. त्यामुळे अर्थाने 'निवृत्त'च्या जवळ जातं, कारण निवृत्त म्हणजे मुळात मागे फिरलेला. पेन्शन नंतर आली. उपसर्ग मात्र वेगळे आहेत, 'न' दिसला म्हणून जोडू नका. 'परतला'मधल्या आणि 'नव्रातिल'मधल्या 'ल'चंही तेच. मराठीतला 'ल' प्राकृतातल्या 'इल्ल' प्रत्ययातून आलेला आहे.

दुसरा प्रश्न : मग शेवटचं 'ओव्हा' कशाला?

प्रतिसाद : तो स्त्रीचा प्रत्यय, पण मुळात मालकीचा : 'नव्रातिलची'. पाटलाची पाटलीण, जोशांची जोशीणबाई, त्यातलाच प्रकार; फरक एवढाच की तिथे तो कागदोपत्री आणि मुलींनाही लागतो. विशेषणासारख्या आडनावांना 'ओव्हा' लागत नाही. १९९८ची विम्बल्डन विजेती याना नोवोत्ना घ्या : पुरुष नोवोत्नी, बाई नोवोत्ना. बार्बोरा क्रेचिकोव्हा मात्र क्रेचिकची, आणि क्रेचिक म्हणजे छोटा शिंपी. 'आम्ही कुणाच्या मालकीच्या का?' हा आक्षेप चेक बायकाच बरीच वर्षं घेत होत्या. जानेवारी २०२२पासून कायद्याने तो प्रत्यय ऐच्छिक झाला.

गंमत अशी की मार्टिना जन्माने नवरातिलोव्हा नाहीच. १९५६ मध्ये प्रागला जन्मली ती शुबेर्तोव्हा म्हणून. शुबेर्त हे जर्मन 'शूबर्ट'चं चेक रूप, अर्थ चांभार. आईच्या दुसऱ्या लग्नानंतर सावत्र वडिलांचं आडनाव तिला मिळालं. आणि ते तिला विचित्र लागू पडलं. १९७५च्या अमेरिकन ओपनच्या वेळी तिने अमेरिकेत आश्रय मागितला, आणि मायदेशाचे दरवाजे बंद झाले. पुढे १९८६ मध्ये फेडरेशन कप या बायकांच्या सांघिक स्पर्धेसाठी ती प्रागला परतली, अमेरिकेच्या संघातून, आणि अंतिम फेरीत चेकोस्लोव्हाकियालाच हरवलं. 'परतला' या आडनावाच्या बाईला परतायला अकरा वर्षं लागली. आडनावाने नशीब ठरतं वगैरे मी मानत नाही, पण हा योग कुठल्याही कादंबरीकाराला खोटा वाटला असता.

तिसरा प्रश्न : मराठीत कसं लिहावं? 'नवरातिलोवा' की 'नवरातिलोव्हा'?

प्रतिसाद : उच्चाराच्या जवळ 'नव्रातिलोवा' : आघात पहिल्या अक्षरावर, 'रा' आणि शेवटचा 'वा' लांब, 'ति' जरा 'त्यि'कडे झुकलेला. 'व्हा' ही आपल्या वर्तमानपत्रांची सवय आहे. छापून छापून रुळलं आहे, मी ते बदलायच्या फंदात पडणार नाही. फक्त 'नवरात्रिलोव्हा' लिहू नका.