गणपतीचे कान मोठे कशासाठी?

कानडोळा:
कान मोठे, कारण जास्त ऐकावं. डोळे बारीक, कारण बारकाईनं बघावं. हा मजकूर दर भाद्रपदात फिरतो आणि लोक माना डोलावतात. अहो, डोकंच हत्तीचं आहे म्हटल्यावर कान मोठे असणारच की!

माझं म्हणणं असं, की देवांच्या हातातल्या वस्तू मुळात ओळख पटावी म्हणून आहेत, अर्थ मागाहून चिकटवलेत. विष्णूचंच घ्या. शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं चार हातांत आलटूनपालटून दिली की बरोबर २४ मांडण्या होतात, आणि त्यांची नावं म्हणजे संध्येतली केशव, नारायण, माधव वगैरे चोवीस नावं. केशवाच्या खालच्या उजव्या हातात पद्म असतं. तिथे शंख आला, बाकीचं त्यानुसार सरकलं, की झाला नारायण. पद्म म्हणजे पावित्र्य म्हणता, मग हात बदलला की पावित्र्याचं काय होतं? नाव तेवढं बदलतं. ही सरळसरळ ओळखपत्रं आहेत.

म्यानबहाद्दर:
मागाहून म्हणजे कधी? विष्णुपुराणाच्या पहिल्या अंशातला बाविसावा अध्याय काढा. विष्णूच्या छातीवरचा कौस्तुभ मणी म्हणजे निर्लेप आत्मा, गदा म्हणजे बुद्धी, चक्र म्हणजे वाऱ्यासारखं धावणारं मन, वैजयंती माळ म्हणजे पंचमहाभूतं. नंदक तलवार ही विद्या आणि तिचं म्यान ही अविद्या! म्यानासकट विचार केलाय त्या माणसानं. हे व्हॉट्सॲपवर नाही शिजलेलं.

कानडोळा:
म्यान झकास आहे, कबूल. पण पुराणकार अर्थ सांगत बसलाय, याचाच अर्थ ते रूप लोकांना आधीपासून माहीत होतं.

शून्यवादी:
तुम्ही दोघंही विष्णूपाशीच अडकलात. तिबेटी बौद्ध परंपरेतला उग्र देव वज्रभैरव बघा. नऊ तोंडं, त्यातलं मुख्य रेड्याचं, ३४ हात, १६ पाय. कोणी म्हणेल, नुसतं घाबरवायचं सोंग. पण ३४ हातांत काया, वाचा, चित्त मिळवा, ३७ होतात. बोधिपाक्षिक धर्म, म्हणजे बोधीकडे नेणारे गुण, तेही ३७. सोळा पाय म्हणजे शून्यतेचे सोळा प्रकार, दोन शिंगं म्हणजे संवृतिसत्य आणि परमार्थसत्य, व्यवहारातलं खरं आणि अंतिम खरं. साधक हे रूप मनात उभं करतो तेव्हा अख्खी शिकवण अंगांवर मोजली जाते. इथे हिशेब आधी आणि हात मागून. ओळखपत्राला चौतीस हात कशाला लागतील?

कानडोळा:
वज्रभैरवापुरती माघार घेतो. बाकी ठिकाणी नाही.

पामर:
अर्थ आणि ओळख सोडून तिसरी गोष्ट राहिली: भांडण. बौद्धांचा उग्र देव त्रैलोक्यविजय शिव-पार्वतीला पायाखाली घेऊन उभा असतो. पायाखाली अहंकार आहे, असं सांगतात. ठीक, पण अहंकाराला नेमका शेजारच्यांच्या देवाचाच चेहरा कसा काय मिळाला?

शून्यवादी:
कथा पुरती सांगा. पायाखाली गेलेला महेश्वर पुढे बुद्धपदाला पोचतो.

पामर:
तुडवून मग बढती! भांडण जिंकल्यावर सगळेच उदार होतात.

म्यानबहाद्दर:
मग कालीच्या पायाखालीही शिवच आहे. तिथे कोणाचं कोणाशी भांडण?

पामर:
पण काली जीभ चावते हो. नवऱ्यावर पाय पडला म्हणून शरमते. त्रैलोक्यविजय कुठे शरमतो?

कानडोळा:
हेच, हेच म्हणतोय मी मघापासून! देवीमाहात्म्याच्या सातव्या अध्यायात काली पहिल्यांदा प्रकटते, देवीच्या कपाळातून. 'जिह्वाललनभीषणा', जीभ लवलवतेय, म्हणून भयंकर. समोर चंड-मुंड आणि त्यांची फौज. त्या अध्यायात शिव तिच्या पायाखाली नाही, आणि शरम तर औषधालाही नाही. जीभ आधीच बाहेर होती, नवरा मागून आला.