आईचा डब्ल्यूबीसी (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा) काउंट १३२०० आलाय, घाबरण्यासारखं आहे का?

चिंतातुर_लेक: आईला (वय ६१) खोकला आणि दम लागत होता म्हणून डॉक्टरांनी औषधं दिली, काल सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) केली तर टोटल काउंट १३२०० आणि पुढे ठळक एच, म्हणजे हाय. पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी अशी: न्यूट्रोफिल्स ७८, लिम्फोसाइट्स १६ (त्याच्यापुढे एल, म्हणजे लो), मोनोसाइट्स ५, इओसिनोफिल्स १. डॉक्टर परवा भेटणार, तोवर मी नेटवर शोधत बसले आणि दर दुसऱ्या पानावर ब्लड कॅन्सर, झोपच उडालीये. शिवाय मागच्या वर्षीच्या दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टवर नुसतं ७.४ लिहिलंय, म्हणजे ७ वरून थेट १३ हजार??

सूक्ष्मदर्शी: आधी ते ७.४ बघू, शेजारी युनिट काय छापलंय? हजारात असणार, म्हणजे ७४००. मोठ्या माणसांत साधारण ४००० ते ११००० नॉर्मल धरतात, लॅबनुसार थोडं इकडेतिकडे. म्हणजे वाढलाय हे खरं, पण थोडासाच.

आता तो एल. टक्केवारीवर जाऊ नका, आकडा काढा. १३२०० चे १६ टक्के म्हणजे २११२, आणि लिम्फोसाइट्स साधारण १००० च्या वर असले की पुरेसे, म्हणजे ते कमी झालेलेच नाहीत, न्यूट्रोफिल्स वाढले म्हणून त्यांचा वाटा कमी दिसतोय. न्यूट्रोफिल्स मात्र १०३०० च्या आसपास येतात, नॉर्मल ७-८ हजारांपर्यंत, वाढ आहे ती तिथेच. खूप रिपोर्टांवर हे अ‍ॅब्सोल्यूट काउंट म्हणून खाली छापलेलं असतं पण लोक ते वाचतच नाहीत.

आजोळ: दम लागत होता म्हणताय, गोळ्यांत प्रेडनिसोलोन वगैरे स्टेरॉईड आहे का बघा बरं?

चिंतातुर_लेक: हो आहे! चार दिवस झाले.

आजोळ: मग अर्धं उत्तर तिथेच असू शकतं. एरवी बरेच न्यूट्रोफिल्स रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेले असतात आणि ते मोजणीत येत नाहीत, स्टेरॉईड घेतलं की सुटून रक्तात येतात, काही तासांतच काउंट चढतो. इओसिनोफिल्स खाली जातात तेही त्यानेच. पण छातीत बॅक्टेरियल इन्फेक्शन असलं तरी न्यूट्रोफिल्सच वाढतात, नुसत्या कागदावरून दोन्हीत फरक करता येत नाही, त्यासाठी ताप, छाती तपासणं, गरज पडली तर एक्स-रे. आणि काउंट वाढला म्हणून स्टेरॉईड मनाने बंद करू नका हां, प्लीज.

सूक्ष्मदर्शी: +१. कॅन्सरचं म्हणाल तर नुसत्या टोटल काउंटवरून तो ठरत नाही, ल्युकेमियात (ब्लड कॅन्सरमध्ये) काउंट कमीही असू शकतो. रिपोर्टच्या तळाशी पेरिफेरल स्मिअरचा (रक्त काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघतात त्याचा) शेरा असेल तर तो वाचा, तिथे ब्लास्ट (अगदी कच्च्या पेशी) किंवा अपरिपक्व पेशी लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर परवापर्यंत थांबू नका, आजच फोन करा.

चिंतातुर_लेक: स्मिअरमध्ये फक्त 'न्यूट्रोफिलिया' (न्यूट्रोफिल्स वाढलेत) एवढंच आहे, बाकी काही नाही. ताप नाही, खोकला कमी आहे. काउंट परत कधी करायचा?

आजोळ: ते डॉक्टर सांगतील, पण गोळ्या संपल्यावर काही दिवस जाऊ द्यायला सांगतात बहुतेक, म्हणजे औषधाचा परिणाम उतरलेला असतो. जमलं तर त्याच लॅबमध्ये करा, आणि दोन्ही रिपोर्ट सोबत न्या, मागच्या वर्षीचाही. मधेच ताप चढला किंवा दम वाढला तर मात्र लगेच दाखवा, पुढच्या टेस्टची वाट बघू नका.