हुआन कार्लोस: एका रात्रीची पुण्याई किती वर्षं पुरवायची?

उंटावरचा_शहाणा:
परवा जेवताना स्पेनचा माजी राजा हुआन कार्लोस याच्यावरून घरात वाजलं, तो वाद इथे आणतोय. आजकाल त्याचं नाव काढलं की हत्ती, स्विस बँक आणि अबू धाबी एवढंच आठवतं लोकांना. मला हे कृतघ्नपणाचं वाटतं.

राजा असलेले आजोबा १९३१ मध्ये देश सोडून गेलेले, जन्म १९३८ चा, रोमला, परागंदा घराण्यात. दहाव्या वर्षी लिस्बनहून रात्रीच्या गाडीत बसवून पोराला हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये शिकायला धाडलं. १९६९ मध्ये फ्रँकोनं हयात बापाला डावलून मुलाला वारस केलं, आणि ‘सगळं बांधून ठेवलंय, पक्कं बांधून ठेवलंय’ म्हणून निश्चिंत झाला. नोव्हेंबर १९७५ मध्ये तो गेला आणि त्याच्या मानसपुत्रानं ती गाठ सोडायला घेतली. सुआरेझला पंतप्रधान नेमलं, एप्रिल १९७७ मध्ये कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठली, जूनमध्ये निवडणुका. दीड वर्षात! एवढी सत्ता आयती हातात असताना कोण सोडतो हो?

फुकटचा_वकील:
सोडली कारण धरून ठेवणं जमणार नव्हतं. मेव्हण्याचं ग्रीसमधलं सिंहासन लष्कराच्या नादात कसं गेलं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि लोकांना विचारलं कुठे? सुआरेझची एक जुनी मुलाखत २०१६ मध्ये बाहेर आली. त्यात तो माइकवर हात ठेवून सांगतो की राजेशाहीवर सार्वमत घेतलं तर आपण हरू, असं पाहण्या सांगत होत्या. म्हणून राजाचा उल्लेख लोकशाही आणणाऱ्या सुधारणा कायद्यातच घालून टाकला. वर १९७८ च्या घटनेत कलम ५६: राजाची व्यक्ती अनुल्लंघनीय, जबाबदारी शून्य. सगळं एकाच ताटात वाढलं, लोकशाही हवी तर राजाही गिळा.

मिरचीचा_ठेचा:
गिळला की आवडीनं. सुमारे ८८ टक्के मतं घटनेच्या बाजूनं पडली होती. मी दोन वर्षं माद्रिदला होते. घरमालकीण आजी गृहयुद्धात हरलेल्या बाजूच्या, राजेशाहीचा मनापासून तिटकारा. तरी म्हणायच्या, ‘मी राजावादी नाही, हुआनकार्लोसवादी आहे.’ हे तिथं कित्येक जण म्हणायचे. त्याचं कारण २३ फेब्रुवारी १९८१.

संध्याकाळी ६:२३ ला तेहेरो नावाचा लेफ्टनंट कर्नल दोनेकशे सिव्हिल गार्ड (निमलष्करी पोलीस) घेऊन संसदेत शिरला. छताकडे गोळ्या सुटल्या, खासदार बाकांखाली. न वाकलेले तिघंच: सुआरेझ, कम्युनिस्ट कारियो आणि म्हातारे जनरल गुतिएरेझ मेयादो, जे उठून त्या बंदुकवाल्यांच्या अंगावर गेले. तिकडे वालेन्सियात रणगाडे रस्त्यावर. रात्री १:१४ ला राजा टीव्हीवर आला, सरसेनापतीच्या गणवेशात, आणि बंड चालणार नाही म्हणाला. आजी सांगायच्या, ते ऐकून त्यांनी दिवा मालवला आणि झोपल्या.

फुकटचा_वकील:
६:२३ ते १:१४. जवळजवळ सात तास. कसली वाट बघत होता? कोणाचं पारडं जड होतंय याची? बंडातला जनरल आर्मादा हा राजाच्याच दफ्तराचा जुना प्रमुख, हेही सांगा की आजीला.

उंटावरचा_शहाणा:
वकीलसाहेब, टीव्ही केंद्र काही काळ बंडवाल्या सैनिकांच्या ताब्यात होतं. कॅमेरा राजवाड्यावर पोचायला रात्र झाली. मधल्या वेळात तो प्रांतोप्रांतीच्या सेनापतींना एकेक करून फोन लावत होता. आणि आर्मादा? ‘तो राजवाड्यावर पोचला का?’ म्हणून सैन्यातून विचारणा आली, तेव्हा तिथल्या सचिवाचं उत्तर होतं, ‘इथं नाहीये, आणि त्याची वाटही कोणी बघत नाहीये.’ ज्यांना राजाच्या नावावर बंड खपवायचं होतं, त्यांची हवा त्या एका वाक्यानं गेली.

मिरचीचा_ठेचा:
हे पटतं. पण २०१२ चं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. बेरोजगारी २४ टक्क्यांवर, आणि हा बोत्स्वानात हत्तीच्या शिकारीला. तेही निसर्गसंवर्धन संस्थेचा मानद अध्यक्ष असताना! खुबा मोडला म्हणून तरी कळलं. इस्पितळाच्या बोळात कुबड्या टेकत, शाळकरी पोरासारखं, ‘फार वाईट वाटतं. माझं चुकलं. पुन्हा होणार नाही.’

फुकटचा_वकील:
हत्ती परवडला. २००८ मध्ये सौदीकडून आलेले १० कोटी डॉलर स्विस खात्यात, आणि २०१४ मध्ये पदत्याग. २०२२ मध्ये स्पेनच्या सरकारी वकिलांनी चौकशी गुंडाळली, कारणं काय? काही मुदतबाह्य, काहीचा कर त्यानं मागाहून भरलेला, आणि गादीवर असतानाचं सगळं त्याच कलम ५६ च्या पांघरुणाखाली. १९८१ चा हप्ता लोक १९८१ पासून फेडतायत.

उंटावरचा_शहाणा:
पैशाबद्दल बचाव करणार नाही, करता येण्यासारखा नाहीच. पण म्हणून ती रात्र खोटी ठरत नाही. संसदेच्या छतातली गोळ्यांची भोकं अजून तशीच ठेवलीत.

मिरचीचा_ठेचा:
त्याच रात्री त्यानं तेरा वर्षांच्या मुलाला, फेलिपेला, झोपू दिलं नव्हतं, राजाचं काम काय असतं ते बघ म्हणून. मार्च २०२० मध्ये, स्वतः राजा झालेल्या त्याच पोरानं बापाचं मानधन बंद केलं आणि वारशावर पाणी सोडलं. ऑगस्टमध्ये बाप अबू धाबीला.

फुकटचा_वकील:
म्हणजे शिकवणी वाया गेली नाही तर. एवढं मात्र देतो तुम्हाला, उंटवाले. कलम ५६ वर तेवढं बोला कधीतरी.