काउन्सिल इलेक्शनमध्ये एवढी धूळधाण झाल्यावर केमी बॅडनॉक टिकेल का?

मेडस्टोनचा_मन्या

मंडळी, इथे यूकेच्या राजकारणावर बोलणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतो. मी केंटमध्ये राहतो, पासपोर्ट इंडियन असला तरी कॉमनवेल्थवाल्यांना इथे मत देता येतं, त्यामुळे १ मे २०२५ ला जाऊन शिक्का मारून (म्हणजे पेन्सिलने फुली मारून) आलो. केंट काउंटी काउन्सिल १९९७ पासून टोरींकडे (म्हणजे बॅडनॉकबाईंची कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टी), २०२१ ला ८१ पैकी साठच्या वर सीटा त्यांच्या होत्या आणि आता उरल्या ५. पाच!! रिफॉर्म (नायजेल फराजची पार्टी) ५७. मोजणीचे आकडे बघताना मला आधी वाटलं वेबसाइट गंडलीय.

आता माझा प्रश्न. ही लोकल निवडणूक ना? काउंटीकडे असतं काय तर रस्त्यातले खड्डे, म्हाताऱ्या माणसांची देखभाल, शाळा, लायब्ररी. यात केमी बॅडनॉकचा काय संबंध, ती तर आत्ता नोव्हेंबर २०२४ मध्ये लीडर झाली. तरी शुक्रवार दुपारपासून टीव्हीवर एकच दळण, बाई किती दिवस राहणार. लेबरच्या पण १८७ सीटा गेल्या, रनकॉर्नची खासदारकीची पोटनिवडणूक तर ६ मतांनी गेली जिथे वर्षभरापूर्वी १४ हजारांच्या वर लीड होता. मग लेबरच्या पंतप्रधान स्टार्मरची खुर्ची जाणार असं एवढ्या जोरात कोणी का म्हणत नाही? आणि नुसत्या काउन्सिलच्या निकालावरून कोणाला खरंच घरी पाठवलंय का आजपर्यंत?

उगाच_एक

टोरी लोकांना लीडर बदलायला निकाल लागत नाही भाऊ, सोमवार लागतो फक्त. २०१६ पासून मोजा, कॅमेरॉन, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक आणि आता ही.

लीड्सचे_काका

मन्या, प्रश्न चांगला आहे, जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून दे.

माझं मत सांगतो, निव्वळ काउन्सिलच्या निकालाने कोणी जात नाही. निकाल म्हणजे निमित्त. खासदारांना स्वतःच्या सीटची भीती वाटायला लागली आणि पुढचा माणूस तयार असला की मगच खुर्ची जाते. थॅचरबाईंचं १९९० घे. पोल टॅक्सवरून (माणसामागे सारखा कर) देश पेटलेला, मे महिन्यात लोकल निवडणुकीत मार पडला, पण वॉन्ड्सवर्थ आणि वेस्टमिन्स्टर या लंडनच्या दोन काउन्सिल टोरींनी राखल्या आणि पार्टी चेअरमन केनेथ बेकरने त्या दोघींचाच असा ढोल वाजवला की दुसऱ्या दिवशी वाटावं पार्टी जिंकली. बाई वाचल्या. नोव्हेंबरात गेल्याच पण, कारण तेव्हा उपपंतप्रधान हाऊ राजीनामा देऊन बाहेर पडला आणि हेझेल्टाइन बाईंविरुद्ध उभा राहिला.

१९९५, पंतप्रधान मेजर. मे मध्ये जवळपास २००० नगरसेवक गेले, आत्ताच्या तिप्पट! त्याने काय केलं तर जूनमध्ये स्वतःच लीडरपदाचा राजीनामा फेकला आणि म्हणाला ज्याला यायचं त्याने या समोर. आला जॉन रेडवूड. २१८ विरुद्ध ८९, मेजर राहिला आणि दोन वर्षांनी सगळी पार्टी घेऊन बुडाला.

आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण, २००३, इयन डंकन स्मिथ. त्या मे मध्ये टोरींनी पाचशेच्या वर सीटा कमावल्या. तरी मोजणीच्या रात्रीच त्यांचाच एक फ्रंटबेंचर (पक्षात पद असलेला खासदार), क्रिस्पिन ब्लंट, राजीनामा देऊन म्हणतो हा लीडर नको. ऑक्टोबरात ९० विरुद्ध ७५ मतांनी काढलाच त्याला. म्हणजे जिंकूनही गेला. मायकल हॉवर्ड तयारच होता ना.

लेबरच्या पंतप्रधान ब्राउनचं उलट. जून २००९, मतदान संपायच्या ठोक्याला रात्री दहाला जेम्स पर्नेल कॅबिनेटमधून बाहेर पडला, सगळ्यांना वाटलं आता परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड पण निघणार आणि सरकार कोसळणार. मिलिबँड जागचा हलला नाही. ब्राउन २०१० च्या इलेक्शनपर्यंत राहिला.

स्टार्मरचं तुझं उत्तर यातच आहे, त्याच्याकडे चारशे खासदार आहेत आणि २०२९ पर्यंत वेळ आहे. चिडचिड आहे, २०२४ ला विंटर फ्युएलचे (म्हाताऱ्यांच्या हीटिंगचे) पैसे कापल्यावरून तर फारच आहे, पण अजून कोणी समोर येत नाहीये.

मॅन्सफिल्डची_माई

काका, तुमचा इतिहास पाठ आहे, मान्य. पण "निमित्त" म्हणून सोडून देऊ नका हो, खालचा माणूस मेला तर पार्टी चालते कशावर?

मी गेली काही वर्षं इथे नॉटिंगहॅमशायरमध्ये एका पार्टीसाठी (कुठली ते जाऊ दे, भांडणं नकोत) पत्रकं वाटते. खासदार प्रचाराला फोटोपुरता येतो. लेटरबॉक्समध्ये बोटं चेमटवून घेत पत्रकं टाकणारा, कोण मत देईल कोण नाही याची यादी ठेवणारा, पोस्टल व्होट भरलं का म्हणून म्हाताऱ्यांना आठवण करणारा तो नगरसेवक आणि त्याचं घर असतं, बायको, मेव्हणा, शेजारी. ६७४ नगरसेवक गेले म्हणजे अशी ६७४ घरं पुढच्या वेळी सोफ्यावर बसणार. यावेळी ज्या काउन्सिलना मतदान होतं त्यातली एकही टोरींच्या पूर्ण ताब्यात राहिली नाही, बकिंगहॅमशायरमध्ये तर एका सीटने बहुमत हुकलं. लिब डेमच्या (लिबरल डेमोक्रॅट्स) ३७० सीटा आणि यांच्या ३१९. टोरी लिब डेमच्या मागे, तेही इंग्लंडच्या काउंट्यांमध्ये!

अजून एक. ब्राउनच्या त्या २००९ मध्ये लेबरच्या हातून शेवटच्या चार काउंट्या गेल्या होत्या, डर्बीशायर, लँकेशायर, नॉटिंगहॅमशायर, स्टॅफर्डशायर. त्या चारही आता रिफॉर्मकडे आहेत. आमच्या इथले जुने खाणकामगारांचे भाग आहेत, बापजाद्यांपासून लेबर, मग २०१९ ला ब्रेक्झिटसाठी टोरी, आता फराज. हे लोक खड्ड्यांवर मत देत नव्हते मन्या. मी दारोदार फिरले ना, खड्ड्याचं कोणी नाव काढलं नाही. "तुम्ही सगळे सारखेच" हे एक वाक्य, दार बंद.

बॅडनॉकच्या बाजूने एक मात्र बोललं पाहिजे. या सीटा २०२१ ला लढल्या गेल्या तेव्हा लस नुकतीच टोचून झाली होती आणि जॉन्सनचं सगळं माफ होतं. तेवढ्या उंचीवरून कोणीही आलं असतं तरी पडलंच असतं, तळाशी कुठे थांबतो एवढाच प्रश्न होता. बीबीसीने देशभराचा अंदाज काढला त्यात टोरी १५ टक्के, रिफॉर्म ३०. हा तळ मात्र तिचा स्वतःचा.

मेडस्टोनचा_मन्या

माई 🙏 दार बंद वालं अगदी खरं, आमच्याकडे तर सगळे समुद्रातून निर्वासित आणणाऱ्या बोटींवर बोलत होते. डोव्हर जवळ आहे ना. आता बोटी थांबवायचा अधिकार केंट काउन्सिलला कुठून येणार ते कोणी विचारत नाही, आणि ५७ सीटा मिळाल्यात पण मतं चाळीस टक्क्यांच्या आतच.

बरं समजा खासदारांना तिला काढायचंच आहे, तर काढतात कसं? ते पत्रांचं काय असतं?

नियमावली

१९२२ कमिटी म्हणजे टोरींच्या साध्या खासदारांची संघटना, तिच्या चेअरमनला गुपचूप पत्र द्यायचं की माझा लीडरवर विश्वास नाही. आधी १५ टक्के खासदारांची पत्रं आली की मतदान व्हायचं. आता ती अट एक तृतीयांश केलीय. २०२४ च्या निवडणुकीत खासदार उरले १२१, म्हणजे ४१ पत्रं लागतील. शिवाय नवीन लीडरला पहिलं वर्ष हात लावता येत नाही, म्हणजे २ नोव्हेंबर २०२५ पर्यंत कागदोपत्री बाई सेफ.

कागदोपत्री म्हणतोय कारण थेरेसा मे ने डिसेंबर २०१८ ला विश्वासाचं मतदान २०० विरुद्ध ११७ ने जिंकलं होतं, नियमाने वर्षभर सेफ. मे २०१९ ला लोकलमध्ये १३३० सीटा गेल्या आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला दारात उभं राहून रडत राजीनामा जाहीर केला. नियम बदलून टाकू अशी कमिटीत चर्चा सुरू झाली तेवढं पुरलं.

लीड्सचे_काका

थेरेसा मे चं ब्रेक्झिटमुळे गेलं, लोकलमुळे नाही. करार तीनदा पडला होता संसदेत.

नियमावली

काका मी कुठे नाही म्हणतोय, मी फक्त एवढंच सांगतोय की वर्षभराच्या त्या कवचावर कोणी झोपू नये.

दुसरं म्हणजे पुढचा माणूस कोण हा तुमचा मुद्दा. होता ना, रॉबर्ट जेनरिक. २०२४ च्या लीडरपदाच्या फायनलला तो ४१,३८८ आणि ती ५३,८०६, फार लांब नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये त्याचं रेकॉर्डिंग बाहेर आलं, उजव्या बाजूची मतं एकत्र आणायला पाहिजेत असं विद्यार्थी कार्यकर्त्यांना सांगताना. तेव्हा शॅडो जस्टिसचं खातं (विरोधी पक्षाकडून न्यायखात्यावर बोलायचं काम) सांभाळत होता आणि बोलत होता सगळ्या विषयांवर. आणि गंमत म्हणजे खासदारांच्या तिसऱ्या फेरीत ३९ मतं घेऊन पहिला आलेला क्लेव्हरली चौथ्या फेरीत ३७ वर येऊन बाहेर पडला, बॅडनॉक ४२, जेनरिक ४१. असल्या चतुर लोकांच्या मतांवर ती उभी आहे, उद्या हेच लोक कुठे जातील देवाला ठाऊक.

शेफील्ड_पोहे

सगळे टोरींचंच बोलताय, स्टार्मर विरोधात असतानाचं २०२१ विसरलात का? त्याच ६ मे ला हार्टलपूलची पोटनिवडणूक गेली, वर्षानुवर्षांची लेबर सीट, लोकलमध्येही मार. शनिवारी अँजेला रेनरला पार्टी चेअरपदावरून काढलं, त्यावर एवढी बोंबाबोंब झाली की दुसऱ्या दिवशी तिला आधीपेक्षा जास्त खाती द्यावी लागली. तो तर तेव्हा राजीनामा द्यायच्या विचारात होता असं नंतर बाहेर आलं. जुलैत बॅटली अँड स्पेन जेमतेम ३२३ मतांनी वाचली, ती गेली असती तर २०२४ ला पंतप्रधान दुसराच कोणी झाला असता कदाचित. तीन वर्षांनी चारशेच्या वर सीटा. म्हणून म्हणतो बॅडनॉकला आत्ताच मोडीत काढू नका, चार वर्षं आहेत.

मॅन्सफिल्डची_माई

पोहे, फरक आहे रे. स्टार्मरच्या वेळी लेबरचा मतदार नाराज होऊन जाणार कुठे, समोर टोरीच होते आणि ते पुढे स्वतःच बुडाले. हिच्या डावीकडे लिब डेम ऑक्सफर्डशायर, केंब्रिजशायर, श्रॉपशायर घेऊन बसलेत आणि उजवीकडून फराज खातोय. एकाकडे सरकली की दुसरा उरलेलं नेतो. हा खड्डा स्टार्मरपुढे नव्हता.

शेफील्ड_पोहे

हो पण रिफॉर्मला आता दहा काउन्सिल *चालवायच्या* आहेत ना. निम्म्याहून जास्त पैसा सोशल केअर आणि मुलांच्या सेवांवर जातो, तो कायद्याने द्यावाच लागतो, तिथे कापायला काही नसतं. वर्षभरात कौन्सिल टॅक्सचं बिल येईल तेव्हा बघू किती प्रेम राहतं.

उगाच_एक

त्या वर्षभरात ही बाई राहिली तर ना 😄 टोरींचा पॉल ब्रिस्टो मेयर झाला ना केंब्रिजशायर-पीटरबरोचा, तेवढा एक ढोल वाजवा आता, बेकरसारखा.

मेडस्टोनचा_मन्या

थँक्स सगळ्यांना, बरंच कळलं. म्हणजे नोव्हेंबर २०२५ पर्यंत पत्रं चालत नाहीत आणि मे २०२६ मध्ये स्कॉटलंड, वेल्स आणि लंडनच्या बरोंच्या (तिथल्या काउन्सिल) निवडणुका. वेल्समध्ये टोरींचं काय होईल कोणाला अंदाज आहे का? कार्डिफकडचं कोणी आहे का इथे?