पाण्याखाली घाबरणाऱ्यांनी स्कूबासाठी खाजगी गाईड घ्यावा का? सल्ला हवाय

निळीशाई

जाणकारांनी मदत करावी म्हणून धागा काढतेय.

माझ्याकडे स्कूबाचं ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पातळीचं, प्रमाणपत्र आहे. तलावातला सराव छान झाला होता, परीक्षेतही काही अडलं नाही. गाडी अडते ती समुद्रात, गटाबरोबर उतरताना. माझे कान सावकाश मोकळे होतात. मी दोरीला धरून नाक दाबत बसलेली असते तोवर बाकीची मंडळी तळाला पोचून मासे बघायला लागलेली असतात. गाईड खालूनच "ओके?" अशी खूण करतो, मीही ओके करते, आणि आतून काहीही ओके नसतं. मागच्या डाइव्हला मास्कमध्ये पाणी शिरलं, श्वास असा काही वर चढला की रेग्युलेटरमधून (तोंडात धरून श्वास घेतो ते यंत्र) हवाच येत नाहीये असं वाटलं. सरळ अंगठा वर करून "वर जाते" अशी खूण केली आणि बाहेर आले.

नवरा पट्टीचा डाइव्हर. त्याचं म्हणणं, "सवयीने जाईल." मोठ्या खंडानंतर आता परत जायचं ठरतंय, आणि सेंटरवाले म्हणतात की जादा पैसे भरा, खाजगी गाईड देतो. त्याने खरंच फरक पडतो का? बुक करायच्या आधी काय काय विचारून घ्यावं? आणि नवरा-बायकोत मिळून एकच गाईड चालेल का?

कोरडाच_बरा

गुडघ्याच्या वर पाणी आलं की मी घरी जातो, सबब सल्ला नाही. पण धागा चांगला आहे, वाचतोय.

शिंपला

निळीशाई, फरक पडतो. तुमचं वर्णन वाचताना माझीच गोष्ट वाचतेय असं वाटलं.

मला मिळालेल्या गाईडने बोटीवर पहिल्यांदा विचारलं, "नेमकं कुठे बिनसतं?" मी सांगितलं, पहिल्या काही मीटरमध्ये. मग खाली जाताना तो माझ्या समोर, हाताच्या अंतरावर, माझ्याकडे तोंड करून उतरला. तीन-एक मीटरवर हाताने थांब म्हणाला आणि नुसता तिथेच राहिला. माझे बुडबुडे भराभर सुटत होते. तो तळहात हळूहळू छातीपासून पुढे नेऊन दाखवत होता, म्हणजे सोड, अजून सोड, सावकाश. घाई नाही, घड्याळ बघणं नाही. बुडबुड्यांच्या मध्ये फट पडायला लागली तेव्हा कुठे त्याने अंगठा खाली केला. त्या डाइव्हला फारसं काही बघितलं नाही, पण वर आल्यावर लगेच पुन्हा जावंसं वाटलं.

भरतीओहोटी

मी इन्स्ट्रक्टर आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल. सांभाळून घ्या.

आधी "हवा येत नाहीये" याबद्दल, कारण घाबरण्याचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं. रेग्युलेटर बहुधा ठणठणीत असतो. घाबरलं की माणूस उथळ आणि भराभर श्वास घेतो. आत घेतो बरंच, बाहेर टाकतो थोडं. कार्बन डायऑक्साइड साठत जातो, आणि तो साठला की शरीर "हवा, हवा" म्हणून ओरडायला लागतं. मग माणूस आणखी भराभर घेतो. त्यात दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, म्हणजे प्रत्येक श्वासात हवाही दुप्पट जाते आणि टाकी तितकीच लवकर रिकामी होते. काटा झरझर उतरताना बघून उरलासुरला धीर सुटतो. यावर उतारा एकच, लांब उच्छ्वास. थांबायचं, काहीतरी धरायचं, पूर्ण श्वास सोडायचा. वर येताना श्वास कोंडायचा मात्र नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

आता गाईडचं. गटाच्या गाईडला सगळ्यांकडे बघायचं असतं, रस्ता शोधायचा असतो, प्रवाहावर लक्ष ठेवायचं असतं. तुम्ही ओके म्हणालात की त्याच्यापुरतं तुम्ही ओके. खाजगी गाईडचे पैसे आपण त्याच्या नजरेसाठी मोजतो. ती नजर पूर्ण वेळ तुमच्यावर राहणार आहे का, हे आधी पक्कं करा. कारण "खाजगी" या नावाखाली काय वाटेल ते खपवलं जातं. कुठे गाईड तुमचा एकटीचा असतो पण बोट, वेळ आणि जागा गटाच्या सोयीने ठरते. कुठे आयत्या वेळी "अजून एकच जण आहे हो, तोही नवीनच" असं होतं. म्हणून सरळ विचारा: पाण्याखाली माझ्याशिवाय आणखी कोणाची जबाबदारी त्याच्यावर असेल का? तोच माझा बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, असेल का? मी वर यायचं ठरवलं तर तो माझ्याबरोबर वर येईल का? आणि जागा कोण निवडणार? तुमच्यासाठी शांत, उथळ, दोरी धरून किंवा उतरत्या किनाऱ्यावरून चालत जाता येईल अशी जागा हवी. प्रवाह असलेल्या भिंतीवर (समुद्रातल्या उभ्या कड्यावर) जगातला उत्तम गाईडसुद्धा तुमचा दिवस वाचवू शकणार नाही.

गाईडच्या हातात कॅमेरा दिसला तर तो बोटीवर ठेवायला सांगा. मी यात सवलत देत नाही.

त्याची पात्रताही विचारा, लाजू नका. डायव्हमास्टर प्रमाणित डाइव्हर्सना फिरवू शकतो, तो कोर्स शिकवून प्रमाणपत्र देऊ शकत नाही. तुम्हाला मास्कचा सराव नीट घोटून घ्यायचा आहे, तर इन्स्ट्रक्टर मागा. पॅडी या प्रशिक्षण संस्थेचा असेल तर त्याचा सभासद क्रमांक पॅडीच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. पण खरं सांगू का, कागदापेक्षा पहिल्या पाच मिनिटांच्या बोलण्यात जास्त कळतं. जो तुमचं ऐकून घेतो तो चांगला. "काही होत नाही हो, मी आहे ना" असं म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. घाबरणाऱ्या डाइव्हरच्या पट्ट्यात बहुतेक वेळा वजन जास्त असतं. पटकन बुडावी म्हणून दोन शिसं जादा अडकवतात. मग खाली तरंग साधायला बीसीडीत (हवा भरायच्या जाकिटात) जास्त हवा भरावी लागते, जरा वर-खाली झालं की ती हवा फुगते-आकसते, आणि तुमची यो-यो सुरू. पहिल्याच दिवशी गाईडबरोबर वजन तपासा: बीसीडी रिकामं, नेहमीचा श्वास धरून उभं राहिलं की पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं, आणि श्वास सोडला की सावकाश बुडायला हवं. अॅल्युमिनियमची टाकी भरलेली असेल तर साधारण दोन किलो त्यावर धरा, कारण शेवटी ती हलकी होते.

प्रवाहपतित

थोडा विरोधी सूर लावतो. खाजगी गाईडची कुबडी होते. तो गेज (टाकीतल्या हवेचा काटा) बघतो, तो दिशा बघतो, तो बीसीडीत हवा भरतो, आणि ताई नुसत्या बुडबुडे सोडत फिरतात. असं काही वेळा झालं की गाईडशिवाय पाण्यात पाय टाकवत नाही. मोठा खंड पडलाय तर आधी रिफ्रेशर, म्हणजे उजळणी, करा. तलावात मास्क काढून, रेग्युलेटर तोंडात ठेवून, नुसतं श्वास घेत बसायचं. तोंडाने घ्यायचा, नाकाने सोडायचा. नाकाला पाणी लागलं की दचकून हापका येतो, तो कंटाळा येईपर्यंत बसून घालवायचा. हे गाईडच्या पैशांपेक्षा स्वस्तात होतं.

शिंपला

कुबडी काय वाईट? पाय बरा होईपर्यंत लागतेच की.

भरतीओहोटी

प्रवाहपतित, रिफ्रेशरबद्दल पूर्ण अनुमोदन. पण तलावात हिची तक्रारच नाही, धागा नीट वाचा. तलावात खोली नाही, लाट नाही, पुढे पळणारा गट नाही. तिथे जमतं आणि समुद्रात अडतं, म्हणून समुद्रात सोबत हवी.

कुबडी होऊ नये याची तजवीज मात्र करता येते. पहिल्या डाइव्हला सगळं गाईडने बघावं. दुसऱ्या डाइव्हपासून गेज तुम्ही बघायचा, त्याने विचारायच्या आधी आकडा दाखवायचा. पुढच्याला परत कधी फिरायचं ते तुम्ही सांगायचं. वर येताना पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप तुम्ही धरायचा, तो फक्त बाजूला. असं करायला तयार नसलेला, तुमच्या टाकीला धरून तुम्हाला सामानासारखा फिरवणारा गाईड नको. बाहेर आल्यावर टाकीत ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरले पाहिजेत, आणि ते तुम्ही सांभाळलेले असले पाहिजेत.

धीमेकासव

कानाबद्दल कोणीच बोललं नाही. निळीशाई, तुम्ही सावकाश आहात यात काही बिघडलेलं नाही, गटाचा वेग बिघडलेला आहे. पाण्यावर असतानाच एकदा कान मोकळे करा, मग पाय खाली ठेवून दोरीने उतरा, आणि दुखायची वाट न बघता दर हाताला करत राहा. अडलं तर मीटरभर वर या, पुन्हा करा. जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी बुडायचंच नाही, मग गाईडचे पैसे बुडाले तरी बेहत्तर. म्हणूनच रद्द करण्याच्या अटी आधी विचारून ठेवा.

आणि खोटं "ओके" बंद करा बाई. पंजा आडवा धरून डोलवला की "गडबड आहे", मग कानाकडे बोट. गाईडला मनातलं वाचता येत नाही.

लाटालाटी

नवऱ्याच्या प्रश्नावर येते, कारण भांडणं तिथेच होतात :)

एकच गाईड दोघांत घेऊ नका. नवरा तुमच्यासाठी थांबणार, थांबून कंटाळणार, आणि तो कंटाळला हे मास्कमधूनसुद्धा तुम्हाला कळणार. मग तुम्ही घाई करणार. आमच्याकडे सरळ वाटणी केली: हे गटाबरोबर, मी गाईडबरोबर, बोट एकच. रात्री दोघांकडे सांगायला गोष्टी वेगवेगळ्या. शेवटच्या दिवशी तिघं मिळून उतरलो, तेव्हा मजा आली.

आणि त्यांना नम्रपणे सांगा की पाण्याखाली शिकवू नका. दोन जण दोन बाजूंनी खुणा करायला लागले की माणूस गोंधळतो.

खडकावरचा

धागा थोडा पळवतो. माझ्या धाकट्या भावाकडे प्रमाणपत्र नाही, एकदाच अनुभव घ्यायचा आहे, तोही घाबरट. त्याला खाजगी गाईड मिळतो का?

भरतीओहोटी

त्याला गाईड नको, इन्स्ट्रक्टर लागतो. पॅडीच्या अनुभव-डाइव्हला समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त चार जण आणि खोली १२ मीटरपर्यंत. ही वरची मर्यादा झाली. घाबरट असेल तर एकास एक मागा आणि सहा-सात मीटरवर समाधान माना. प्रकाश, रंग, मासे, सगळं तिथेच जास्त असतं. त्याआधी छाती बुडेल एवढ्या पाण्यात सराव करून घेतात ना, तेवढं विचारा. थेट बोटीवरून टाकणारे असतील तर नको.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. खरं तर लाटालाटी यांचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला, तो गप्प झाला.

एक विचारायचं राहिलं. जायच्या आधी मन शांत करायची गोळी घेतली तर? एका मैत्रिणीने सुचवलंय.

भरतीओहोटी

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. गुंगी आणणारं औषध आणि खोली यांची जोडी वाईट, खाली नायट्रोजनमुळे आधीच थोडी भूल येऊ शकते. बोट लागू नये म्हणून घेतात त्या गोळ्यांपैकीही काहींनी झोप येते. आरोग्याचा फॉर्म भरताना खरं लिहा. काही प्रश्नांना "हो" आलं तर डॉक्टरांची सही लागते, ती डाइव्हिंग समजणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्या. दमा किंवा पूर्वी भीतीचे झटके येऊन गेले असतील तर हे टाळू नका. फॉर्मवर "नाही" लिहून बोटीवर चढणारे बघितलेत, त्यांना गाईड कशापासून वाचवणार?

प्रवाहपतित

+१. इथे मात्र वाद नाही.

निळीशाई

समजलं, गोळी बाद. सेंटरला पाठवायचा मजकूर असा लिहिलाय, बघा जरा:

"नमस्कार. माझ्याकडे ओपन वॉटर प्रमाणपत्र आहे, पण मोठा खंड पडला आहे. उतरताना कान सावकाश मोकळे होतात, आणि मास्कमध्ये पाणी शिरलं की मी घाबरते. मला एकटीसाठी इन्स्ट्रक्टर दर्जाचा गाईड हवा आहे, जो माझा बडी असेल आणि ज्याच्यावर त्या वेळी दुसऱ्या कोणाची जबाबदारी नसेल. पहिला दिवस उथळ, शांत जागी, मास्कच्या सरावासाठी. शक्य झाल्यास गाईडशी आदल्या दिवशी बोलायला आवडेल. माझे यजमान गटाबरोबर जातील."

धीमेकासव

छान. "शक्य झाल्यास" काढा, आदल्या दिवशी बोलणं ही अटच ठेवा. शेवटची डाइव्ह कधी झाली तो महिना-वर्ष लिहा, "मोठा खंड" म्हणजे प्रत्येकाचा वेगळा असतो. उंची, वजन आणि पायाचं मापही टाका, म्हणजे बोटीवर ढगळ सूट आणि सैल फिन्स गळ्यात पडणार नाहीत.

भरतीओहोटी

आणि परतीचं विमान कधी आहे ते सांगा. एकाहून जास्त डाइव्ह झाल्या तर विमानाआधी निदान १८ तास कोरडं राहायचं असतं, त्यामुळे शेवटचा दिवस त्यांना आधीच मोकळा ठेवता येईल.

कोरडाच_बरा

मला हे आत्ताच जमतंय.