एकाच परिच्छेदात दोन 'अभिसरणं'

पागोळी: यंगर ड्रायसवरच्या, म्हणजे हिमयुग सरता सरता मध्येच परतलेल्या थंडीच्या काळावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. साधारण १२,९०० वर्षांपूर्वी वितळत्या हिमाचं गोडं पाणी उत्तर अटलांटिकमध्ये शिरलं, सागरी अभिसरण मंदावलं, ग्रीनलंड पुन्हा गारठलं. लगेच पुढचं वाक्य: विषुववृत्ताजवळचा अभिसरण पट्टा दक्षिणेला सरकला, आपला मोसमी पाऊस रोडावला. पहिलं अभिसरण म्हणजे फिरणं, दुसरं म्हणजे दोन्हीकडच्या वाऱ्यांनी एकत्र येणं. वाचकाला कसं कळणार?

गणितवाला: अभि + सृ, म्हणजे कुणाकडे तरी जाणं. गणितातली अभिसारी श्रेणी एका संख्येकडे जाते, अभिसारिका प्रियकराकडे. गोल कुणीच फिरत नाही. शब्द पट्ट्याचाच आहे, रक्ताला तो चुकून चिकटला.

दर्यावर्दी: चुकून कसा? शाळेत प्रत्येकजण रक्ताभिसरण शिकतो. धातू काहीही म्हणो, लोकांनी शब्दाला दिलेला अर्थ खरा. पट्ट्याला 'वारे-मिलन पट्टा' म्हणा.

गणितवाला: 'मिलन' ऐकून लग्नपत्रिका आठवते.

आडवाट: प्रवाहालाच रहाट म्हणा की. उबदार खारं पाणी वरून उत्तरेला जातं, तिथे गार होऊन जड होतं, बुडतं आणि खोलातून दक्षिणेला परततं. आमच्या नागावच्या वाडीतला रहाट असाच फिरायचा.

दर्यावर्दी: रहाटाला बैल लागतो.

आडवाट: इथे मीठ आणि गारठा हेच बैल. गोड्या पाण्याने खारेपणा उतरला, म्हणजे एक बैल सोडला.

पागोळी: हे फार आवडलं! पण रहाट थांबला असं लिहिणार नाही. पुरता थांबला की नुसता मंदावला, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पाऊस घटल्याची खूण मात्र मेघालयातल्या मावम्लू गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभांतही सापडते. आणि त्या थंडीचा शेवट तर किती झटपट! ११,७०० वर्षांपूर्वी ग्रीनलंड काही दशकांत जवळजवळ १० अंशांनी तापलं. त्याला 'अचानक' म्हणू की 'एकाएकी'?

गणितवाला: एकाएकी. बाकी रहाट हा संस्कृत अरघट्टापासून आलाय, तेव्हा माझी हरकत नाही.

दर्यावर्दी: शब्द संस्कृतातून आला म्हणूनच चालतो का? माझ्या आजीला अरघट्ट माहीत नव्हता, रहाट माहीत होता. ती त्याच्या मडक्यांना लोटे म्हणायची.

आडवाट: लोटे? आमच्याकडे पोहरे.

दर्यावर्दी: पोहरा दोरीला बांधून विहिरीत सोडतात, तो वेगळा.

आडवाट: आमच्या वाडीत दोन्ही पोहरेच होते. उद्या काकांना विचारून सांगतो.